लुगड्यांची सावली

माझ्या सासूबाईंचं नाव अंबूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाई सकाळी उठायच्या त्याच दमलेल्या. "दमले बया" म्हणत चूल पेटवायच्या, दमले म्हणत धार काढायच्या आणि दमले दमले करत पानमळ्यात दिवसभर जे काम उपसायच्या ते दोन गड्यांना झेपलं नसतं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. एवढं दमायला होतंय तर बसावं की घटकाभर! पुढं संसारानं मलाही चांगलंच दमवलं, तेव्हा कळलं की ही बाई एकदा बसली असती तर पुन्हा उठली नसती.

मी मेढ्याकडची. आमच्याकडं डोंगर, नाचणी, भाताची खाचरं. विड्याचं पान वेलाला लागतं एवढंच मला ऐकून ठाऊक होतं. मोठा दुष्काळ सरल्यावर माझं लग्न झालं आणि मी मिरजेच्या पूर्वेला या मळ्यातल्या वस्तीवर आले. माझे यजमान नाथाजी लष्करात. लग्नाच्या सुट्टीवर आले आणि सुट्टी संपली तसे गेले. मागं राहिलो आम्ही तिघं: आत्याबाई, मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे आप्पासो.

मामंजींचा पानमळा म्हणजे त्यांचं देवघर. शेवरीच्या झाडांच्या रांगा, प्रत्येक शेवरीवर पानाचा वेल चढवलेला, वर शेवरीच्या पाल्याची दाट सावली, चारी बाजूंनी काटक्या-पाल्याच्या ताट्या, त्यांतलीच एक आत जायचं दार. भर वैशाखात आत गेलं तरी गार वाटायचं. चपला बाहेर काढायच्या. आत थुंकायचं नाही, मोठ्यानं भांडायचं नाही. बाई महिन्याची बाजूला बसली असेल तर तिनं ताटीजवळसुद्धा फिरकायचं नाही. इतकंच काय, बायकांनी नेसलेलं लुगडं मळ्याच्या कुंपणावर वाळत घालायचं नाही. मामंजींनी आत्याबाईंना जन्मात कधी "जेवलीस का" विचारलं असेल नसेल, पण वेलाला पाणी पोचलं का हे दिवसातून दहादा विचारायचे. मला हसू यायचं. हसू दाबायला मी पदर तोंडात कोंबायची.

पंचाहत्तर सालच्या वैशाखात तो दिवस आला. मी बाजूला होते. गोठ्याच्या पडवीत वेगळी बसलेली, शेंगा फोडत. आत्याबाई गावात कुणाच्या तरी लग्नाच्या पापडांना गेल्या होत्या. दुपारपासून अंगाची नुसती लाही होत होती. मग जतकडून काळं आभाळ उठलं आणि वारा असा सुटला की गोठ्यावरचा पत्रा फडफडून उडाला आणि बांधावर जाऊन पडला. पाठोपाठ गारा. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. गुरं दावी तोडायला बघत होती. मामंजी डोक्याला घोंगडं घेऊन मळ्यात पळाले, पडलेल्या ताट्या उभ्या करायला. गारांपुढं ताटी काय टिकणार! पण त्यांना कोण सांगणार?

आत कडाड् असा आवाज झाला. मी हाका मारल्या, उत्तर नाही. पुन्हा मारल्या. मग मी घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि आत शिरले. मामंजी मोडलेल्या शेवरीखाली बसले होते. पाय अडकलेला, कपाळातून रक्त. मी खांदा लावून फांदी उचलली, त्यांना बगलेत धरलं आणि ओढत बाहेर काढलं. घमेल्यावर गारा अशा वाजत होत्या की कान बधिर झाले. पडवीत आणून बसवल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, पोरी वाचवलंस म्हणतील.

"तू आत कशी आलीस?" ते म्हणाले. "तू तर बाजूला हायीस न्हवं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासऱ्याला उलट उत्तर द्यायचे ते दिवस नव्हते. मी त्यांचं कपाळ बांधायला फडकं पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळा बघवत नव्हता. शेवरीचे नुसते बुडखे आणि सोललेल्या काठ्या उभ्या होत्या. पानांचा खाली चिखल झालेला. वेल शेवरीवरून सुटून लोंबत होते, त्यांच्या अंगावर गारांचे लांब लांब वळ. आणि वर सावलीच नाही. आयुष्यात ज्या वेलानं ऊन पाहिलं नव्हतं त्याच्यावर वैशाखाचं ऊन सरळ पडत होतं. आत्याबाई ताटीपाशी उभ्या राहून बघत होत्या. रडल्या नाहीत. लेकरासारखा वाढवलेला मळा, पण त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा यायला थकलं होतं.

ओढ्यापलीकडच्या हंबीररावांचा मळा मात्र जसाच्या तसा हिरवा. गारा पट्ट्यानं पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. तरी बघायला आलेली माणसं कुजबुजायला लागली की एवढाच मळा कसा घावला. मामंजींनी कुणापासून काही लपवलं नाही. सून बाजूला असताना आत शिरली, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आपला जीव वाचवायला शिरली, हे सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. मिरजेहून भटजी आणून मळ्याची शांती करायची. भटजी लग्नसराईत गुंतलेले, आठवडा उलटल्याशिवाय यायचे नाहीत. तोवर मळा बंद. कुणी आत पाय ठेवायचा नाही.

"अन् शांती करून बी वेल फुटला न्हाई," ते आत्याबाईंना म्हणाले, मी ऐकेन इतक्या मोठ्यानं, "तर ही पोर या घरात नांदायची न्हाई. मेढ्याला पोचवायची. नाथाजीला मी सांगतो काय सांगायचं ते."

मी गोठ्याच्या पडवीत अंधाराकडं बघत बसले. माहेरी परत गेलेल्या बाईचं काय होतं ते मी पाहिलं होतं. भावजयीच्या हातचं खायचं आणि ती हसली तरी आपल्यालाच हसली असं वाटून घ्यायचं. वेल फुटला तर मी इथं, नाही तर तिथं. एवढं माझं नशीब आणि ते त्या सोललेल्या काठ्यांवर लोंबत होतं.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "आवं, जेवा आता. भाकरी गार व्हतीया."

मला त्यांचा इतका संताप आला! एक शब्द माझ्या बाजूनं नाही?

दोन दिवस मळा उन्हात नुसता भाजत पडला. मामंजी बांधावरून बघत आणि चरफडत. मी न्हाऊन घरात आले त्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "न्हालीस न्हवं? चल." कुठं, ते सांगितलं नाही. त्यांनी ट्रंक उघडली आणि आपली लुगडी बाहेर काढली. विटलेली, दंड घातलेली, एक लग्नातलं हिरवंसुद्धा. सगळी माझ्या खांद्यावर टाकली आणि सरळ मळ्याकडं चालायला लागल्या.

मामंजी ताटीपाशीच होते. "काय चालवलंयस?" म्हणून ओरडले. "नेसलेली लुगडी मळ्यात? तुझं डोसकं फिरलंय का?"

आत्याबाई थांबल्या. आवाज चढवला नाही. त्यांच्याकडं आवाज चढवण्याएवढं बळच नसायचं.

"भटजी येईस्तोवर वेल करपून जाईल," त्या म्हणाल्या. "मग शांती कुनाची करनार? खुंटांची?"

"उसाचा पाला घाल वर. लुगडी कशाला?"

"मोडक्या शेवरीवर वल्ल्या पाल्याचं वजं टाकू? अन् रोज सांजंला काढायचं कुनी, तुमी? कापड हलकं. सकाळी घालता येतं, सांजंला काढता येतं."

"अन् हिला कशाला आत नेतीस? इटाळ केलाय तिनं मळ्यात."

"केलाय न्हवं? मग आता आनी काय व्हायचं ऱ्हायलंय?"

आणि त्या आत गेल्या. मी त्यांच्या मागं. मामंजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ते मी मान वळवून पाहिलं, खोटं कशाला बोलू. पाहून घेतलं नीट.

आत्याबाईंची लुगडी दोन रांगांनाही पुरली नाहीत. मग त्या वस्त्यावस्त्यांवर फिरल्या. धोंडुबाई म्हणून शेजारची म्हातारी होती, तिनं आपली सगळी फाटकी लुगडी आणि वाकळीसाठी ठेवलेले तुकडे आणून टाकले. "घे बया, माझं न्हाई तर न्हाई, या चिंध्यांचं तरी सोनं व्हईल," म्हणाली. काहींनी नाक मुरडलं, काहींनी नवऱ्याला न सांगता मागच्या दारानं दिली. हळूहळू मळ्यावर असा रंगीबेरंगी मांडव झाला की हंबीरराव बांधावरून जाताना ओरडले, "आप्पासो, मळ्यात लगीन हाय का रं?" मामंजींनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

सावली झाल्यावर माझा हात शिवशिवायला लागला. मी नखी घेतली. पान खुडायला अंगठ्यात घालतात ती लोखंडी नखी. लोंबणारा प्रत्येक वेल छाटून टाकायचा, म्हणजे नवीन फुटेल, असं मला वाटलं. आमच्याकडं मोडकी फांदी कोयत्यानं उडवतात. आत्याबाईंनी माझा हात धरला.

"थांब. कुठवर मेलाय ते त्याचं त्यालाच अजून कळलं न्हाई."

मग छाटणी नाही. आधी खाली कुजणारा पाला गोळा करून बाहेर. पाण्याचे चर मोकळे केले, कारण वेलाच्या बुडाशी पाणी साचलं की मूळ सडतं. गारांनी जमीन बडवून घट्ट केली होती. ती आत्याबाईंनी खुरप्यानं उकरू दिली नाही, बोटांनी मोकळी करायला लावली. वेलाची मुळं वरच असतात. माझ्या नखांत माती जाऊन बोटं सुजली. लोंबणारे वेल लव्हाळ्याच्या भिजवलेल्या पात्यांनी पुन्हा शेवरीला बांधायचे, तेही सैल. "जखमी मानसाला आवळून धरतेस व्हय?" एकदा मी गाठ ओढली तेव्हा त्या म्हणाल्या. तासगावच्या एका द्राक्षवाल्याकडून मोरचूद मागवलं होतं, ते चुन्यात कालवून वळांवर शिंपडलं, जखमा कुजू नयेत म्हणून.

रोज सकाळी ऊन वर यायच्या आत लुगडी चढवायची. रोज सांजेला उतरवायची, वाऱ्याला वेल मोकळा करायचा, थोडंसं पाणी द्यायचं. शिडीवर चढायचं, उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. आत्याबाईंचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना, तर त्या डाव्या हातानं लुगडं फेकायच्या आणि मी पलीकडून ओढून घ्यायची. रात्री भाकरी थापायला मला बोटं वळत नव्हती. आम्ही दोघी एकमेकींशी बोलायचोसुद्धा नाही. बोलायला लागतं ते त्राण कुठून आणायचं?

मामंजींना बघवेना. एक दिवस ते शेंगदाण्याच्या पेंडीचं पोतं पाठीवर घेऊन आले, ताटीबाहेर टाकलं आणि म्हणाले, "घाला वेलांना. बळ यिऊ दे." प्रेमच होतं ते, मला दिसत होतं. आत्याबाईंनी पोतं आत घेतलं नाही.

"तापात पडलेल्या पोराला बासुंदी पाजता का तुमी? आदी फुटू दे. मग घाला काय घालायचं ते."

पोतं तिथंच राहिलं. उंदरांची चंगळ झाली.

शेवटी काही वेलांचे शेंडे काळे पडले आणि तो काळेपणा एका ठिकाणी थांबला. कुठवर मेलंय ते दिसलं. तेव्हा कुठं आत्याबाईंनी मला नखी हातात दिली आणि काळ्याच्या खाली, जिवंत पेराच्या वर, तिरकं कापायला सांगितलं. पश्चिमेकडच्या रांगा पुऱ्या गेल्याच होत्या. तिथले बुडाचे वेल खाली उतरवून मातीत निजवले, जगले तर जगले. दोन दिवसांनी सकाळी लुगडं चढवताना मला एका पेरावर फुटवा दिसला. भाताच्या लोंबीतल्या दाण्याएवढा, तांबूस. मी शिडीवरच रडायला लागले. मेढ्याचा रस्ता डोळ्यांपुढून सरला, म्हणून रडले. आत्याबाईंनी मान वर करून पाहिलं, "दिसला का?" म्हणाल्या आणि खाली बसल्या. भर कामात त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी भटजी आले. आदल्या संध्याकाळी मामंजींनी सगळी लुगडी उतरवून घरात न्यायला लावली होती. मळा गोमूत्रानं शिंपडला, मंत्र झाले, नारळ फुटला, दक्षिणा दिली. तोवर शेवरीही पालवल्या होत्या. आठवड्याभरात उरलेला मळा पोपटी पानांनी भरला. आणि मामंजी गावभर सांगत सुटले, "शांतीचा गुण बघा!"

मी आत्याबाईंवर तुटून पडले. "आत्याबाई, फुटवा आधी आला होता. तुम्ही पाहिलाय, मी पाहिलाय. का नाही सांगत तुम्ही?"

"सांगून काय व्हनार? वेल जगला न्हवं? मग झालं."

त्या रात्री मामंजींनी दुसरा निकाल दिला. सून घरात राहू दे. पण मळ्यात तिनं पुन्हा पाऊल टाकायचं नाही, कधीच. आत्याबाई भांडी घासत राहिल्या. मी मनातल्या मनात त्यांना हवं ते बोलून घेतलं.

सकाळी मामंजी करंडी घेऊन ओट्यासमोर उभे राहिले. "चल की. उशीर व्हतोय."

आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. "तिला बंदी हाय न्हवं?"

"तिला हाय. तुला कुठं?"

"मग मला बी हाय."

एवढंच. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही. मामंजी एकटेच गेले. त्यांना वाटलं, दोन दिवसांचा रुसवा आहे. गावात कुणी विचारलं तर आत्याबाई सांगायच्या, गुडघं दुखत्यात. घरातलं सगळं करायच्या, गुरांचं करायच्या, मळ्याच्या ताटीपर्यंत मामंजींची न्याहारी पोचवायच्या. ताटीच्या आत मात्र पाय नाही.

पावसाळा लागला. नवीन वेल हाताहातानं वाढायला लागले. वाढणारा वेल वेळच्या वेळी शेवरीला बांधावा लागतो, नाही तर वाऱ्यानं मोडतो. मामंजींनी धुळा नावाचा एक गडी लावला. धुळा भला माणूस, पण त्याचा हात मेंढरं हाकणाऱ्याचा. त्यानं बांधलेले कोवळे शेंडे सकाळी मोडून पडलेले असायचे. मामंजी स्वतः शिडी चढायचे, तर दुखावलेला पाय साथ देईना. एकदा पडले. लंगडत घरी आले, आत्याबाईंनी पायाला हळद लावली आणि लावून झाल्यावर हात धुतले.

माझे यजमान सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. "आई आणि आप्पांच्या मधे मी काय बोलणार?" म्हणाले. पाकिस्तानच्या सीमेवर उभा राहणारा माणूस आमच्या घरात चहाच्या कपामागं लपला. सुट्टी संपली, ते गेले.

श्रावण तोंडावर आला. श्रावणात पानाला मागणी असते आणि मिरज स्टेशनवर करंड्या पोचल्या पाहिजेत. आमच्या वेलांवर पान तर आलं होतं, पण खुडणार कोण आणि बांधणार कोण? एका दुपारी मामंजी मळ्यातून आले. हातात मोडलेले शेंडे होते, पोपटी, ओंजळभर. ते त्यांनी ओट्यावर आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवले आणि खाली बसले. मी आत चुलीपाशी होते, दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी ऐकत होते.

"माझ्याच्यानं न्हाई व्हत," मामंजी म्हणाले. माझ्या कानांनी त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. "दोघीबी या."

"दोघी म्हंजे कोन?"

"तू अन् ती."

"तिला नाव हाय."

मामंजींनी खाकरून घसा साफ केला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "मनू," ते दाराकडं न बघता म्हणाले. "ये मळ्यात."

मी हातातला उंडा परातीत ठेवला. उठावं की नाही, कळेना. आत्याबाई अजून जागच्या हलल्या नव्हत्या.

"ती यील," त्या म्हणाल्या. "पन ती कवा बाजूला असती अन् कवा नसती, ते तुमी इचारायचं न्हाई. मी सांगायची न्हाई, ती बी सांगायची न्हाई. ज्या दिवशी काम असंल त्या दिवशी यील. जमत असंल तर बघा. न्हाई तर मी दमलेलीच हाय, बसते हितंच."

मामंजींनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, आता उठतील, आरडतील, ताटीला कुलूप घालतील. या बाईनं माझ्यासाठी आपलं सगळं पणाला लावलं होतं आणि मी इतके दिवस मनात तिला बोल लावत होते, याचं मला तिथं बसल्या बसल्या इतकं वाईट वाटलं की रडू आलं.

मामंजी उठले. काठी टेकत मळ्याकडं चालायला लागले. आत्याबाईंनी मला खूण केली आणि आम्ही मागं निघालो. पावसानं फुगून ताटी जड झाली होती. मामंजींनी काठी बाजूला टाकली, दोन्ही हातांनी ताटी उचलली आणि आम्ही दोघी आत जाईपर्यंत धरून ठेवली.